हिरव्या दोऱ्याची बाग

बाग बघायला मेहुणा रविवारी येतोय असं कळलं, तेव्हा साहेबांच्या अंगणात एक लिंबाचं झाड, काही फुटक्या कुंड्या आणि कुणाची तरी शेळी, एवढाच ऐवज होता. शेळी आपली नाही, असं साहेब या गावात राहायला आल्यापासून सगळ्यांना सांगत होते. शेळीला ते मान्य नव्हतं.

"रविवारी म्हणजे या रविवारी?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"हो, या रविवारी," मेहुणा म्हणाला. "सकाळच्या बसनं निघतो. वांगी तोडू नका हं भाऊजी तोवर. मला झाडावर बघायचीयत."

"छे छे, तोडतोय कशाला," साहेब म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

फोन ठेवून त्यांनी बायकोकडे बघितलं. ती कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही, पण मळण्याचा जोर वाढला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कणकेवरूनही बरंच काही कळतं.

साहेब म्हणजे कुणी मोठे अधिकारी नव्हते. शहरातल्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते आणि तिथं त्यांना शिपाईसुद्धा आडनावानंच हाक मारायचा. निवृत्त झाल्यावर या बाजाराच्या गावात घर घेऊन आले. टेम्पोतून उतरताना शर्ट खोचलेला होता, तेवढ्यावरून गावानं त्यांना साहेब करून टाकलं. जे आयुष्यभर कचेरीत मिळालं नाही ते टेम्पोच्या पायरीवर मिळालं, म्हणून साहेबांचं या गावावर पहिल्या दिवसापासून प्रेम होतं.

बायकोचं तेवढं नव्हतं. ती शहरातल्या मैत्रिणी, वाचनालय आणि चोवीस तास पाणी सोडून आली होती. आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आपला मेहुणा, सामान बांधायला आला तेव्हा हसून म्हणाला होता, "भाऊजी, हे ना धड शहर ना धड खेडं. कंटाळून जाल. पावसाळ्याच्या आत परत येता की नाही बघा."

हे वाक्य साहेबांना लागलं. तेव्हापासून दर रविवारी मेहुण्याचा फोन आला की ते गावाचे फायदे सांगू लागले. हवा किती स्वच्छ. डॉक्टर हाकेच्या अंतरावर. लिफ्ट बंद पडत नाही, कारण लिफ्टच नाही. शेजारी किती आपुलकीचे. तोटे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. बाजाराच्या दिवशी आपल्याच फाटकातून बाहेर पडायला कांद्याच्या पोत्यांवरून उडी मारावी लागते, पिठाची गिरणी भिंतीला भिंत लावून आहे, आणि बायकोशी भांडण झालं तर त्यात कुणाची बाजू बरोबर होती हे न्हावी दुसऱ्या दिवशी दाढी करता करता सांगतो, या गोष्टी साहेबांनी स्वतःजवळच ठेवल्या.

पण फायदे ते किती असणार. महिनाभरात संपले. मग एका रविवारी बोलता बोलता साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "बाग लावतोय."

आता यात खोटं काही नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी खरंच बी आणलं होतं. जमीन खणली, तर खाली घर बांधताना पुरलेल्या विटांचे तुकडे निघाले. ते वेचले. मग पाणी लागणार म्हणून अंगणात जादा नळ मागायला ते नगरपालिकेत गेले. पाणी खात्याच्या खिडकीवरच्या कारकुनानं नीट ऐकून घेतलं.

"बागेसाठी जादा नळ मिळतो," तो म्हणाला. "आमचा माणूस येऊन बाग बघून जाईल."

"पण नळ मिळाल्याशिवाय बाग कशी होईल?"

"तो शेतीचा प्रश्न झाला साहेब. इथं पाण्याचं चालतं."

तरी माणूस आला. साहेब तेव्हा नेमके केस कापायला गेले होते. माणसानं अंगणात बघितलं, बाग दिसली नाही, शेळी दिसली. त्यानं जागेची नोंद गोठा म्हणून केली. ती नोंद काढायची तर शेळी आपली नाही असा गुरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. गुरांचे डॉक्टर मनानं चांगले होते. त्यांनी शेळी तपासली, मालकी तपासायची सोय आपल्याकडे नाही असं सांगितलं आणि ती गाभण असल्याबद्दल साहेबांचं अभिनंदन केलं.

दरम्यान बी उगवलं होतं, आणि जेवढं उगवलं तेवढं अभिनंदन झालेल्या शेळीनं खाल्लं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा साहेबांनी खुरपं अडगळीत ठेवून दिलं.

फोनवरची बाग मात्र जोमात होती. तिला पाणी लागत नव्हतं आणि शेळीचा तिथं शिरकाव नव्हता. वांग्याला जांभळी फुलं आली, टोमॅटोला काठ्या लावल्या, दुधीचा वेल कुंपणावर चढला. मेहुणा सुरुवातीला चेष्टा करायचा. "भाऊजी, फोटो पाठवा की," म्हणायचा. साहेब म्हणायचे, "फोटोत काय मजा."

आणि मग मेहुण्याची बायको गेली. आजार असा काही नव्हता. सकाळी उठली नाही, इतकंच.

त्यानंतरचे रविवार वेगळे झाले. मेहुणा फोन करायचा, बहिणीशी दोन शब्द बोलायचा आणि म्हणायचा, "भाऊजींना दे." साहेबांना काय बोलावं कळायचं नाही. सांत्वन करणं हा त्यांचा प्रांत नव्हे. कचेरीतही शोकसभेला ते खुर्च्या मांडण्याचं काम मागून घ्यायचे. मग पलीकडून मेहुणाच विचारायचा, "वेल कुठवर आला?" आणि साहेब सांगायचे. सांगता सांगता वेल चढायचा, फुलं यायची, फळ धरायचं. पलीकडे मेहुणा ऐकत राहायचा. एकदा म्हणाला, "आठवडाभरात एवढंच एक काहीतरी वाढताना ऐकायला मिळतं बघा." त्या दिवशी साहेब खरं सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. त्यातून निघालं ते, "काकडीही लावलीय."

अशी ही बाग. आणि ती बघायला तो येत होता.

शुक्रवारी साहेब रोपवाटिकेत गेले. तिथं गुलाब होते आणि शोभेची झाडं होती. फळं लागलेलं वांग्याचं झाड विकत मिळेल का, या प्रश्नावर रोपवाटिकावाल्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि पाणी आणून दिलं. तिथून परत येताना शेजारच्या कंपाउंडरनं भिंतीवरून विचारलं, "काय साहेब, चेहरा उतरलाय."

हा कंपाउंडर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं कधी ना कधी सुई टोचलेली होती, त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घालत नसे. साहेबांनी त्याला सगळं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं, आणि बायको आधीच सगळं जाणून असल्यामुळे ती उपयोगाची नव्हती.

कंपाउंडरनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "झाडं आणू. फळं आणू. बांधू."

"बांधू म्हणजे?"

"म्हणजे बांधू. मी अख्खे हात बांधलेत लोकांचे, वांग्याचं काय घेऊन बसलात."

कुठल्याही शहाण्या माणसानं इथं नाही म्हणून घरात जायला हवं होतं. साहेबही शहाणेच होते. पण घरात गेलं की कणीक होती.

शनिवारी बाजार. भाजीवाली मावशी नेहमीच्या जागी, बरोबर साहेबांच्या फाटकाला पाठ लावून बसली होती. साहेबांनी तिच्यापाशी उकिडवं बसून हळू आवाजात विचारलं, शेतातली जुनी वांग्या-टोमॅटोची झाडं मिळतील का, उपटलेली चालतील.

"झाडं?" मावशीनं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं. "झाडं कशाला? वांगी न्या की."

"वांगी पण हवीत. टोमॅटो, काकड्या, एक दुधीही."

"पाहुणे येणारेत वाटतं. किती माणसं?"

"एक."

मावशीनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. साहेबांना खोटं सुचेना. वर्षभराचा साठा फोनवर संपला होता. त्यांनी खरं सांगितलं. मावशीनं वजनाचा काटा खाली ठेवला.

"बायको गेली त्याची?" तिनं विचारलं.

"हो."

"मग संध्याकाळी झाडं पाठवते. आमची उपटायचीच होती. पण मुळं तुटली तर उन्हात टिकायची नाहीत, आधीच सांगते."

छोट्या गावाचा एक फायदा असा की मदत मागावी लागत नाही. तोटाही तोच. साहेब पिशव्या घेऊन फाटकाशी पोचेपर्यंत समोरचा शिंपी दारात उभा होता आणि त्याच्या हातात दोऱ्याची रिळं होती.

"तुमच्याकडे पांढरा दोरा असणार," तो म्हणाला. "पांढरा दिसतो साहेब. हा हिरवा घ्या. देठाचा हिरवा वेगळा आणि वेलाचा वेगळा, दोन्ही आणलेत."

साहेबांना वाटलं, जमीन दुभंगावी. पण ती विटांनी भरलेली होती.

संध्याकाळी झाडं आली. कंपाउंडर, शिंपी आणि साहेब कामाला लागले. झाडं मातीत खोचली, भोवती माती दाबली आणि मग बांधाबांध सुरू झाली. कंपाउंडरची गाठ अशी की सुटता सुटायची नाही. शिंपी प्रत्येक वांगं बांधून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "जरा खाली घेऊ, उठून दिसतंय." गिरणीवाला पिठानं माखलेला तसाच कुंपणाशी आला आणि म्हणाला की आमच्या मामाच्या शेतात वांगी एवढी दाट नसतात. दुधीला वेलच नव्हता. कंपाउंडरनं तो बँडेजच्या पट्टीत घालून लिंबाच्या झाडाला लटकवला, हात मोडलेल्या माणसासारखा. उजेड कमी झाला तसं काम घाईत होत गेलं आणि त्या घाईत शिंप्यानं वांग्याच्या एका झाडाला तीन टोमॅटो बांधले, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळ्या बागेवरून एकदा नजर फिरवली.

"छान," ती म्हणाली. "आता शेळीला काय सांगणार आहात?"

शेळी दोन दिवसांपुरती गिरणीत बांधली.

रविवारी मेहुणा उतरला तो आनंदातच. त्याला म्हणे बसस्टँडवरच ओळखलं. "साहेबांकडे ना? बाग बघायला?" असं कंट्रोलरनं विचारलं. वाटेत पानटपरीवाला म्हणाला, वांगी काय लागलीत. सायकलच्या दुकानातून आवाज आला, काकडी बघा काकडी. "भाऊजी," मेहुणा पिशवी खाली ठेवत म्हणाला, "तुमच्या बागेचं गावभर नाव आहे. तुम्ही फोनवर कमीच सांगत होता."

साहेबांनी मान खाली घातली. मेहुण्याला तो विनय वाटला.

तो फार वाळला होता. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि तिथं टाचणी लावलेली होती. बहिणीनं ते बघितलं आणि आत जाऊन पाणी आणलं, जरा उशिरानं.

दुपारभर साहेबांनी त्याला घरात अडकवून ठेवलं. ऊन फार आहे, जेवण जड झालंय, जरा पडा. खिडकीतून त्यांना बाग दिसत होती. पानं मलूल झाली होती आणि वांगी मात्र ताठ होती, असं निसर्गात सहसा होत नाही. ऊन उतरल्यावर मेहुणा स्वतःच उठला आणि आपली पिशवी घेऊन अंगणात गेला.

तो झाडांमधून हळूहळू फिरला. एका टोमॅटोला बोट लावलं. टोमॅटो हलला, पण कंपाउंडरची गाठ पक्की होती.

"तोडवत नाही हो," मेहुणा म्हणाला. मग पिशवीतून त्यानं पत्र्याची एक झारी काढली. निळा रंग ठिकठिकाणी उडालेला. "ही हिची. गॅलरीत कुंड्या होत्या तिच्या. मला नाही जमलं, वाळल्या सगळ्या. म्हटलं, झारी तरी चालू राहावी. तुमच्याकडे ठेवा."

साहेबांच्या हातात झारी आली. ती हलकी होती, तरी त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

"आणि ताई, तुला एक सांगायचंय," मेहुणा दारातल्या बहिणीकडे वळून म्हणाला. "मी फ्लॅट विकायचा ठरवलाय. सोसायटीत कळवलं पण. तुमच्या मागच्या गल्लीत घर रिकामं आहे ना? भाऊजी म्हणाले होते मागे. मी इथंच येतो. असंच काहीतरी लावीन. भाऊजी शिकवतील."

भिंतीपलीकडून कंपाउंडर खोकला. फाटकाबाहेर शिंपी होता, गिरणीवाला होता, आणि भाजीवाली मावशी रिकामी टोपली घेऊन, बाजाराचा दिवस नसताना, सहज आलेली होती.

"घालू का थोडं पाणी?" म्हणून मेहुण्यानं झारी परत घेतली, बादलीत बुडवून भरली आणि वाकून पहिल्या झाडाला घातली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. फार जपून घालत होता. कुणीतरी त्याला तसं घालायला शिकवलेलं असणार.

पाणी मुरलं, खोचलेली माती सैल झाली आणि पहिलं झाड वांग्यांच्या वजनानं सावकाश आडवं झालं.

मेहुणा बघत राहिला. मग दुसरं आडवं झालं.

"संध्याकाळी निजतात ती," कंपाउंडर भिंतीवरून म्हणाला. "या जातीची वांगी तशीच."

"सकाळी उठतात परत," शिंपी म्हणाला.

तिसरं झाड पडलं ते नेमकं टोमॅटोवालं. मेहुण्यानं ते उचललं. मुळं नसलेला बुंधा हातात घेऊन तो पानांकडे बघत होता, मग टोमॅटोकडे, मग परत पानांकडे. शहरात वाढलेल्या माणसालाही एवढं कळतं.

साहेबांना आयुष्यात लाज वाटलीच नव्हती असं नाही. बढतीच्या यादीत नाव नसताना पेढे वाटून झाले होते, तेव्हा वाटली होती. पण ती लाज कानापर्यंत यायची आणि थांबायची. ही पायांतून वर आली. त्यांना एकदम दिसलं की हा माणूस घर मोडायला निघालाय, आणि ते आपण मारलेल्या थापांच्या भरवशावर.

"ही बाग खोटी आहे," ते म्हणाले.

एकदा म्हणून भागलं नाही, परत म्हणावं लागलं. "खोटी आहे. काल संध्याकाळी लावली. तुम्हाला वर्षभर फोनवर सांगितलं ते सगळं खोटं. वेल नाही, काकडी नाही, काही उगवलंच नाही इथं."

"साहेब फार साधे आहेत," गिरणीवाला मेहुण्याला समजावून सांगू लागला. "स्वतःचं कौतुक सहन होत नाही त्यांना."

"मी बघितलंय ना बी टाकताना," मावशी म्हणाली. "माझ्याकडूनच नेलं होतं."

"मावशी, राहू दे."

"राहू दे काय. टाकलं होतं की नाही बी?"

"टाकलं होतं. शेळीनं खाल्लं."

"बघा," मावशी मेहुण्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे उगवलं होतं."

माणसाला आपला गुन्हा कबूल करायचाय आणि सगळं गाव त्याला निर्दोष ठरवायला उभं आहे, अशी वेळ शत्रूवरही येऊ नये. साहेब एकेक कबूल करत गेले आणि फाटकातून एकेकाला उत्तर येत गेलं. शेवटी ते लिंबाच्या झाडाशी गेले आणि बँडेजची पट्टी ओढली. दुधी धपकन खाली पडला. त्यावर कंपाउंडर भिंतीमागे खाली बसला.

मेहुण्यानं हातातलं झाड खाली ठेवलं. झारी उचलली, उरलेलं पाणी लिंबाला घातलं आणि ती पिशवीत ठेवून दिली.

"शेवटची बस किती वाजता आहे, ताई?" त्यानं विचारलं.

"अरे, राहा आज."

"नको."

तो एकटाच फाटकातून बाहेर पडला. फाटकाशी जमलेली माणसं बाजूला झाली. साहेब तिथंच उभे होते. बायको त्यांच्याजवळ आली. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही फोनवर बोलायचात तेव्हा मी आत ऐकत असायची," ती म्हणाली. "पहिल्यांदा राग यायचा. नंतर मीही वाट बघायला लागले, आज काय उगवतंय म्हणून. म्हणून गप्प बसले. माझीही चूकच आहे ती." मग पदराला हात पुसत म्हणाली, "पण सांगायला हवं तुम्हीच. जा त्याच्यामागे."

बसस्टँडवर मेहुणा बाकड्याच्या एका टोकाला बसला होता. साहेब दुसऱ्या टोकाला बसले. मधे पिशवी.

"मला वाटलं होतं," साहेब म्हणाले, "तुम्ही मला हसाल, म्हणून सुरू केलं. मग तुम्ही हसायचे थांबलात. मग बंद करवेना."

मेहुणा समोर बघत होता.

"फ्लॅट विकू नका. इथं काही नाहीये. पाणी एक दिवसाआड येतं. बाजाराच्या दिवशी दारातून निघता येत नाही. गिरणी सुरू झाली की भिंतीवरचं घड्याळ हलतं. आणि काही म्हणजे काही लपून राहत नाही."

"ते दिसलं," मेहुणा म्हणाला.

इतक्यात शिंपी आला. तो जणू बसचीच चौकशी करायला आला होता. कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन परत फिरला आणि मेहुण्यासमोर थांबला. "दोरा माझा होता," म्हणाला. "साहेबांनी मागितला नव्हता." आणि निघून गेला. मग कंपाउंडर आला. त्यानं गाठी आपल्या असल्याचं सांगितलं आणि जाता जाता मेहुण्याची नाडी बघून ठेवली. मावशी आली ती बाकड्यावर मधेच, पिशवी सरकवून बसली.

"वांगी खरी होती," ती म्हणाली. "माझ्या शेतातली. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही."

"नाही बोलत," मेहुणा म्हणाला.

"बायको काय आजारी होती?"

हा प्रश्न असा कुणी विचारतं का, म्हणून साहेबांनी डोळे मिटून घेतले. पण मेहुणा सांगू लागला. सकाळी चहा करून तिला हाक मारली इथपासून. मावशी मधे मधे "हं" म्हणत होती. तो थांबला तर ती थांबायची. साहेब बाकड्याच्या टोकाला बसून हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते. वर्षभर दर रविवारी हा माणूस फोनवर होता आणि त्यांनी त्याला काकडीबद्दल सांगितलं होतं. अंगणात वाटली त्याहून मोठी लाज अजून शिल्लक होती, हे त्यांना तिथं कळलं.

मावशी उठली. "आमच्यात कुणी गेलं की महिनाभर कुणी ना कुणी येऊन बसतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे आले असतील की लोक."

"समोरच्यांना चार महिन्यांनी कळलं," मेहुणा म्हणाला. "लिफ्टमध्ये विचारलं, वहिनी दिसत नाहीत हल्ली."

मावशी टोपली डोक्यावर ठेवून चालू लागली.

मग कंट्रोलर खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "साहेब, गाडी रद्द झाली. वाटेत बंद पडलीय." त्यानं हे इतक्या वरमून सांगितलं की गाडी खरंच बंद पडली होती की त्यालाही गावानं कामाला लावलं होतं, हे साहेबांना आजतागायत ठरवता आलेलं नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही. त्यांना त्या दिवसापुरतं खऱ्या-खोट्याच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार नव्हता.

दोघं परत निघाले. साहेबांनी पिशवी घेतली आणि ते एक पाऊल मागून चालू लागले. बाजाराचा रस्ता. दुकानं उघडी होती, दिवे लागत होते. सकाळी याच रस्त्यावर जो तो हाका मारत होता. आता पानटपरीवाला पाठ करून बरण्या मांडत होता. सायकलवाला एका चाकाकडे असा बघत होता, जणू त्यात काहीतरी लिहिलंय. शिंप्याचं मशीन जोरात चालू होतं आणि त्यावर कापड नव्हतं. गिरणीवाला वर आभाळाकडे बघत उभा होता.

मेहुणा थांबला. "भाऊजी," म्हणाला, "हे सगळे आपल्याकडे बघत का नाहीयेत?"

"मला लाज वाटतेय ना," साहेब म्हणाले. "ती त्यांना दिसतेय. म्हणून."

मेहुण्यानं त्या सगळ्या पाठींकडे एकदा नीट बघून घेतलं.

"आमच्या सोसायटीत पण कुणी बघत नाही," तो म्हणाला. मग जरा चालून झाल्यावर, "ते वेगळं."

घराचं वळण आलं. साहेब फाटकाकडे वळले, पण मेहुणा सरळच उभा राहिला.

"मी तुमच्याशी दोन-चार दिवस बोलणार नाहीये," तो म्हणाला. "बोलवणार नाही मला."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"पण ते मागच्या गल्लीतलं घर कुठलं, तेवढं दाखवा."

साहेब पुढे झाले. बोलायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी नुसता हात केला.